पावसात गायीचं तूप रवाळ का होत नाही? चाऱ्यामुळे दुधातलं फॅटच बदलतं का?

कुळागरातली गाय

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून लिहितेय, वाळपईपासून जवळच घर आमचं. चार गायी आहेत, तीन जर्सी क्रॉस आणि एक आपली पांढरी गावठी. दूध सोसायटीला जातं, पण घरापुरतं ठेवून जी साय जमते तिला विरजण लावून मी तूप कढवते आणि पणजी-म्हापशाच्या ओळखीच्या लोकांना देते. आता प्रश्न असा की थंडीत माझं तूप छान रवाळ, पांढरट, चमचा रुतवला तर उभा राहील असं होतं आणि जून-जुलै लागला की तेच तूप पिवळंधमक आणि पातळ, तळाला थोडी कणी आणि वर नुसता तेलकट थर. करायची रीत तीच, भांडं तेच, कढवणारी मीच. हवेमुळे असेल म्हणावं तर फेब्रुवारीतली एक बरणी शिल्लक होती, ती आणि आत्ताची अशा दोन्ही एकाच फळीवर शेजारी ठेवल्यात, जुनी अजून कणीदार आहे आणि नवी जरा तिरकी केली की वाहते.

एका गिऱ्हाइकाने तर तोंडावर विचारलं, यात तेल घालता का म्हणून. फार लागलं मला ते. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) लोक माझ्याकडूनच तूप नेतात आणि त्यांना काय सांगायचं तेच कळत नाही.

चाऱ्याचं सांगते. पाऊस पडला की गायी डोंगरावर आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेने कोवळं गवत खातात, शिवाय नेपियर गवत कापून घालतो. जानेवारीनंतर भाताचा पेंढा, बेळगावकडून येणारा कडबा, आणि खुराकात खोबऱ्याची पेंड, सरकी पेंड, कोंडा. पावसात गवत भरपूर म्हणून खुराक हात आखडून देते. सोसायटीत फॅटही पावसात उतरतं, थंडीत ४.५ लागायचं ते आता ३.७, ३.८ वर आलंय. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे का, की वेगवेगळं?

रवंथ

ताई, दोन बरण्या एकाच फळीवर ठेवल्यात हे फार चांगलं केलंत, हवेचा प्रश्न तिथेच बराचसा निकालात निघाला. माझं काम पशुआहाराचं, फोंडा-धारबांदोड्याकडच्या गोठ्यांवर फिरत असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुधातलं फॅट ही एकच एक वस्तू नाही. त्यात ४०० च्या वर फॅटी अ‍ॅसिडं सापडलीत, पण वजनात भरणारी दहा-पंधराच. ढोबळमानाने ६५ ते ७० टक्के सॅच्युरेटेड, २५ ते ३० टक्के मोनोअनसॅच्युरेटेड म्हणजे मुख्यतः ओलिक, आणि उरलेलं थोडंसं पॉलीअनसॅच्युरेटेड. सोसायटीतलं मशीन या सगळ्यांची मिळून फक्त बेरीज सांगतं, आत कोण किती आहे ते त्याला दिसत नाही, त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. म्हणून ४ फॅटचं पावसाळी दूध आणि ४ फॅटचं उन्हाळी दूध मशीनला सारखं, पण तुमच्या कढईत वेगळं.

आता हे फॅट येतं कुठून? अर्धं कासेतच तयार होतं. गायीचं कोठीपोट म्हणजे सतत आंबत असलेलं एक मोठं पिंप, त्यात चाऱ्याचे तंतू कुजवणारे जिवाणू अ‍ॅसिटेट बनवतात, ते रक्तातून कासेत जातं आणि कास दोन-दोन कार्बन जोडत जोडत ४ पासून १४ कार्बनपर्यंतची सगळी अ‍ॅसिडं तयार करते, १६ कार्बनचं पामिटिकसुद्धा निम्मं इथलंच. उरलेलं अर्धं फॅट रक्तातून तयार येतं, म्हणजे खाल्लेल्या चाऱ्या-पेंडीतलं तेल आणि नुकती व्यायलेली गाय असेल तर तिच्या अंगावरची चरबी. स्टिअरिक, ओलिक वगैरे १८ कार्बनवाली मंडळी ही अशी बाहेरून येणारी.

तुमच्या डोंगरावरच्या कोवळ्या गवतात चरबी तशी थोडीच असते, पण जी असते तिच्यातलं अर्ध्याहून जास्त अल्फा लिनोलेनिक, ज्याला लोक ओमेगा ३ म्हणतात ते. पण ते जसंच्या तसं दुधात उतरत नाही, कारण कोठीपोटातल्या जिवाणूंना असली अनसॅच्युरेटेड अ‍ॅसिडं बाधतात, म्हणून ते त्यांना हायड्रोजन जोडत जोडत शेवटी स्टिअरिक करून टाकतात. बहुतेक सगळं असंच संपतं. मात्र हे काम पायरी-पायरीने होतं आणि मधल्या पायरीवरचं व्हॅक्सेनिक अ‍ॅसिड बरंच निसटून पुढे आतड्यात जातं. मग कासेत एक एन्झाइम आहे, ते त्या व्हॅक्सेनिकचं सीएलए (कॉन्जुगेटेड लिनोलिक अ‍ॅसिड) करतं आणि तेच एन्झाइम स्टिअरिकचं ओलिक करतं. दुधातलं बहुतेक सीएलए हे असं कासेत बनलेलं असतं. मला या सगळ्या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो, गवत पोटात जाऊन पूर्ण मोडतं आणि कासेत त्यातलं काही पुन्हा जुळतं.

तर हिरव्यावर चरणाऱ्या गायीच्या दुधात ओलिक, व्हॅक्सेनिक, सीएलए, ओमेगा ३ वाढतात आणि पामिटिक कमी होतं. ओलिक साधारण १३-१४ अंशांवरच वितळतं, पामिटिक ६३ ला आणि स्टिअरिक ६९ ला. तुपात ही सुटी नसतात, तीन-तीन एका रेणूत बांधलेली असतात, त्यामुळे हे आकडे तुपाला सरळ लावता येत नाहीत पण दिशा तीच. ओलिक वाढलं की तूप मऊ. रंगाचं तर सोपंच आहे, हिरव्या गवतातलं कॅरोटीन, ते गायीच्या चरबीत उतरतं. पेंढा उन्हात वाळतो तेव्हा कॅरोटीनही जातं आणि लिनोलेनिकही जातं, म्हणून थंडी-उन्हाळ्यातलं तूप फिकट.

दुसरी बाजू तुमच्या खुराकाची. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आणि पुढे १८-२० टक्के मायरिस्टिक. ही आधीच सॅच्युरेटेड, जिवाणूंना त्यात बदलण्यासारखं काही नसतं, त्यामुळे घाण्याची तेलकट खोबरा पेंड घातली की दुधात १२ आणि १४ कार्बनवालं फॅट वाढतं. सरकीतलं लिनोलिक पोटात स्टिअरिक होतं, म्हणून सरकी खाणाऱ्या जनावरांचं तूप कडक आणि मोठ्या कणीचं होतं. हे इतकं जुनं आणि माहितीतलं आहे की अ‍ॅगमार्कने तुपाच्या प्रतवारीत कापूस पट्ट्यातल्या तुपाला वेगळे आकडे दिले होते, नाहीतर तिथलं शुद्ध तूप आरएम व्हॅल्यूत (लहान साखळीच्या, उडून जाणाऱ्या अ‍ॅसिडांच्या आकड्यात) भेसळीचं ठरलं असतं. मग तुमच्या फेब्रुवारीच्या बरणीत खोबरं आणि सरकी आहे, आत्ताच्या बरणीत डोंगरावरचं गवत आहे. तेल कुणीच घातलेलं नाही.

फॅटचा आकडा का उतरतो त्याचं मूळ अर्धं तेच, अर्धं वेगळं. पावसात दूध वाढतं, त्यात फॅट पसरतं हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे कोवळ्या गवतात पाणी फार आणि चावायला लागेल असा राठ तंतू कमी, रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, आणि लाळेतला सोडाच कोठीपोटातलं आम्ल मारत असतो. पीएच उतरला की तंतू कुजवणारे जिवाणू मंदावतात, अ‍ॅसिटेट कमी, मग कासेत बनणारं फॅट कमी. पावसातही पेंढा बंद करू नका, सकाळी गायी सोडायच्या आधी थोडा पेंढा घाला, एवढं सांगेन.

डिचोलीचा गोठा

रवंथ दादा, छान लिहिलंत, असं कोणी सांगतच नाही आम्हाला, डॉक्टर येतो, इंजेक्शन देतो, जातो. आता माझं ऐका. माझ्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत, दूध भरपूर पण फॅट ३.२ च्या खाली जायला लागलं आणि ३.२ च्या खाली गायीचं दूध म्हणजे नियमातच बसत नाही. मी घालतो काय, तर बिअर कारखान्यातला चोथा, गिरणीचा ताजा कोंडा, मक्याचा भरडा आणि नेपियर, तोही मशीनवर एकदम बारीक केलेला कारण गायी सांडलवंड करत नाहीत. फॅट वाढावं म्हणून कोंडा अजून वाढवला, कोंड्यात तेल असतं ना, तर फॅट अजून उतरलं! तेल घातलं की फॅट वाढायला नको? आणि खाद्यवाला म्हणतो बायपास फॅट घाला, पिशवी महाग आहे, घालावं का?

रवंथ

भाऊ, तेल घालून फॅट उतरणं हा गोठ्यातला सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार आहे आणि तुमच्याकडे त्याला लागणारं सगळंच एकत्र आलंय. तेल न काढलेल्या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असू शकतं आणि ते लिनोलिक-ओलिकने भरलेलं. मक्याचा भरडा म्हणजे पटकन आंबणारा स्टार्च. बारीक कुट्टीमुळे रवंथ नाही. कोठीपोट आंबट झालं की जिवाणूंची वाटच बदलते. एरवी लिनोलिकपासून व्हॅक्सेनिककडे जाणारा रस्ता, तो वळून ट्रान्स १०, सिस १२ नावाच्या दुसऱ्याच सीएलएकडे जातो. हे अ‍ॅसिड अगदी थोडं, दिवसाला काही ग्रॅमच जरी कासेपर्यंत पोचलं तरी कासेत फॅट बनवणारी यंत्रणा बंद पाडायला लागतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डेल बाऊमन यांच्या गटाने २००० च्या आसपास हे दाखवून दिलं, त्याआधी कित्येक वर्षं लोक नुसतं अ‍ॅसिटेट कमी पडतं म्हणून फॅट उतरतं असंच समजत होते. दूध तेवढंच राहतं, प्रोटीन तेवढंच राहतं, फॅट एकटं खाली येतं, ही त्याची खूण. तुमचं एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) जागेवर असेल तर हेच आहे समजा.

करायचं काय, तर कोंडा निम्म्यावर आणा. सगळ्या खाद्याचं मिळून तेल वाळल्या वजनाच्या ६-७ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कुट्टी जरा मोठी काढा, बोटाच्या पेरापेक्षा बारीक नको. भरडा एका वेळी टोपलीभर ओतण्यापेक्षा दोन-तीन वेळा विभागून द्या. चोथ्याला माझा विरोध नाही, प्रोटीन चांगलं असतं त्यात, पण तो ओला आणि मऊ, त्याला चारा समजू नका. खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास देतात, पण आधी तुमच्या डॉक्टरांना गाय दाखवून. आणि धीर धरा, आज खाद्य बदललं की उद्या फॅट येत नाही, जिवाणू पालटायला दहा दिवस ते तीन आठवडे जातात. लोक चौथ्या दिवशी कंटाळून परत जुनं सुरू करतात, तिथेच सगळं बिघडतं.

अजून एक, कोंडा गिरणीतून आणला की त्याच दिवसापासून खवट व्हायला लागतो, आपल्या दमट हवेत तर फारच लवकर, तेव्हा साठा करू नका. आणि खोबरा पेंड किंवा शेंगदाणा पेंड पावसात बुरसली असेल तर सरळ टाकून द्या, उन्हात वाळवून परत घालू नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन वाळवल्याने जात नाही, ते दुधात उतरतं आणि दूध पोरं पितात.

बायपास फॅट म्हणजे बहुतेक पाम तेलाचे कॅल्शियम साबण. कोठीपोटात ते फारसं विरघळत नाही म्हणून जिवाणूंना त्रास नाही, पुढे जाऊन सुटतं. नुकती व्यायलेली, भरपूर दूध देणारी आणि वाळत चाललेली गाय असेल तर त्याचा उपयोग आहे, ताकद मिळते. पण तुमचा रोग आंबटपणाचा असताना वरून महाग पिशवी ओतून आकडा उचलणं मला पटत नाही. शिवाय पाममध्ये पामिटिक भरपूर, ते दुधात येतं. कॅनडात २०२१ च्या सुरुवातीला लोकांनी ओरड केली की लोणी फ्रिजबाहेर ठेवलं तरी मऊ होत नाही, संशय गायींना घालतात त्या पामवर गेला आणि तिथल्या दूध उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने शेतकऱ्यांना पामला पर्याय बघा म्हणून सांगितलं.

म्हापशाचा बाजार

मी दूध विकत घेणारा माणूस, गोठ्यातलं कळत नाही, पण वाचून प्रश्न पडला. पावसाळी तुपात ओमेगा ३ आणि सीएलए जास्त म्हणजे ते तब्येतीला जास्त चांगलं का? दुकानात तर "ओमेगा ३ युक्त देशी ए२ तूप" म्हणून भलत्याच भावाने मिळतं. गावठी गायीच्याच दुधात हे असतं की कुठल्याही? आणि असेल तर मी ताईंकडून पावसातच तूप घेऊन वर्षभराचं भरून ठेवू का?

तारले आणि भात

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, याचं उत्तर मी देते.

आधी ए२ बाजूला काढा. ए२ हा बीटा केसीन नावाच्या प्रोटीनचा प्रकार आहे, त्याचा फॅटी अ‍ॅसिडशी संबंध नाही आणि तुपात तर प्रोटीन जवळजवळ उरतच नाही. तुपाच्या बरणीवर ए२ लिहिण्याला काय अर्थ आहे ते तुम्हीच ठरवा. जातीचा फरक थोडा पडतो, जर्सीचं फॅट जास्त, त्यात लहान साखळीची अ‍ॅसिडं थोडी जास्त वगैरे, पण गायीने काय खाल्लं याचा फरक त्याहून मोठा. आपली श्वेतकपिला, म्हणजे गोव्याची पांढरी गावठी गाय, गोठ्यात बांधून पेंढा-पेंडीवर ठेवली तर तिचं फॅट पेंढा-पेंडीचंच होणार आणि जर्सी डोंगरावर चरली तर तिचं गवताचं. गावठी गाय पाळायची कारणं वेगळी आणि भक्कम आहेत, ती आपल्या पावसात आणि चढणीवर टिकते, कमी खाण्यात भागवते.

आता ओमेगा ३. नुसत्या पेंडीवरच्या दुधात फॅटच्या साधारण अर्धा टक्का लिनोलेनिक धरा, चांगल्या हिरव्या गवतावर ते १ टक्क्याच्या आसपास जातं. म्हणजे दुप्पट! ऐकायला मोठं वाटतं. आता पेला घ्या, २०० मिली दूध, ४ फॅट, म्हणजे ८ ग्रॅम फॅट, त्यात लिनोलेनिक ०.०४ वरून ०.०८ ग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १.१ ते १.६ ग्रॅम सांगतात. एक छोटा चमचा जवसाची पूड अर्ध्या ग्रॅमच्या वर देते. आणि तारल्यांच्या एका जेवणात जे तयार ओमेगा ३ मिळतं, ईपीए आणि डीएचए, ते ग्रॅमच्या घरात असतं, दुधात ही दोन नावापुरतीच. गोव्यात राहून ओमेगा ३ साठी तूप शोधणं मला खरंच नको वाटतं, बाजारात तारले आणि बांगडे आहेत, मासे न खाणाऱ्यांना जवस आहे.

सीएलएचं पण तसंच, प्राण्यांवरच्या प्रयोगांत उत्साह वाढवणारं बरंच दिसलं, माणसांत दुधातून मिळणाऱ्या प्रमाणाने तसं ठामपणे दिसलेलं नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. लॉरिक, मायरिस्टिक, पामिटिक ही तीन रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, स्टिअरिक तसं वाढवत नाही आणि ओलिक त्यांच्या जागी आलं तर बरंच. त्या हिशोबाने हिरव्या गवतावरचं फॅट थोडं उजवं आहे, पण तरी ते तूपच, निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड. चमच्याने खायचं, वाटीने नाही. कोलेस्टेरॉल असलेल्यांनी तर पावसाळी म्हणून जास्त सूट घेऊ नये. वर्षभराचं भरून ठेवायचं असेल तर चवीसाठी ठेवा, औषध म्हणून नको.

कुळागरातली गाय

सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळ्यांत पाणी आलं कारण त्या गिऱ्हाइकाचं बोलणं मनात बसलं होतं. आता माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे. सकाळी पेंढा घालणं सुरू करते. रवंथ दादा, दोन गोष्टी सांगा. चवथीपर्यंत तूप रवाळ यावं म्हणून आत्तापासून खोबरा पेंड वाढवू का? आणि कोणी परत संशय घेतलाच तर शुद्ध आहे हे दाखवायची काही सोय आहे का? काजूच्या दिवसांत आम्ही भट्टीवरचा बोंडांचा चोथाही थोडा घालतो, त्याने फॅटमध्ये काय होतं तेही विचारायचं राहिलं.

रवंथ

ताई, फक्त कणीसाठी पेंड वाढवू नका. फुकटचं गवत पोटात जात असताना पैसे मोजून तूप कडक करायचं, आणि तेही लॉरिक वाढवून, हे मला उलटं वाटतं. खुराक दुधाच्या हिशोबाने द्या, तुपाच्या नाही. मात्र पावसात खुराक फारच आखडलात असं वाचलं, जास्त दूध देणाऱ्या दोघींना गवतावर सगळं भागत नाही, त्यांना दुधाच्या प्रमाणात चालू ठेवा, क्षारमिश्रणासकट.

बोंडांच्या चोथ्यात तंतू आणि साखर, चरबी फारशी नाही, त्यामुळे फॅटी अ‍ॅसिडवर त्याचा थेट परिणाम धरू नका. तो झपाट्याने आंबतो एवढंच, ताजा किंवा नीट वाळवलेला घाला, भट्टीच्या कडेला दोन दिवस पडलेला नको. वाळवून खाद्यात वापरण्यावर जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्रात काम झालंय, तिथे जाऊन विचारलंत तर प्रमाण सांगतील.

शुद्धतेसाठी एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) प्रयोगशाळेत नमुना देता येतो का ते विचारा, आरएम व्हॅल्यू आणि बीआर रीडिंग (तुपातून जाताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) काढतात. गवतावरच्या तुपाचं बीआर जरा वर लागेल कारण अनसॅच्युरेटेड जास्त, पण मर्यादेच्या आत राहायला हवं, ४० ते ४४ च्या दरम्यान. भेसळ पकडण्याची खरी पक्की चाचणी फॅटी अ‍ॅसिडचा पूर्ण आलेख, ती महाग, चार बरण्यांसाठी परवडणार नाही.

पेडण्याची काकी

गो बाय, शास्त्र त्यांनी सांगितलं, कणीचं मी सांगते. पावसाळी तूप कढवून झालं की लगेच बरणीत ओतून झाकण लावू नको आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नको, फ्रिजमध्ये एकदम थिजतं आणि कणी धरत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात ठेव, फडक्यात गुंडाळ, चुलीपासून लांब कोपऱ्यात, जितकं हळू निवेल तितकी कणी मोठी. कोमट झालं, बोट बुडवलं तर चटका बसत नाही असं झालं, की तुझ्या त्या फेब्रुवारीच्या बरणीतलं एक चमचा रवाळ तूप त्यात सोड आणि हलवू नको. त्याला धरून बाकीचं कणी धरतं. थंडीइतकं घट्ट नाही होणार, पण वरचा पातळ थर बराच कमी होईल. आणि बरणीवर चिठ्ठी लाव, "पावसाळी तूप, गायी चरायला जातात" म्हणून. माझी गिऱ्हाइकं आता पिवळंच मागतात, नेवऱ्यांना वास चांगला लागतो म्हणतात. एक बरणी मलाही ठेव चवथीला, माझी गाय आटलीय यंदा.